यादीत नसलेला धनेश

स्वयंपाकाच्या बाईसमोर माणसं काहीही बोलतात. तिलाही कान आहेत हे त्यांच्या ध्यानातच नसतं. म्हणून माझ्याकडे एवढे किस्से साठलेत. पातेली घासली की साफ होतात, हे काही निघत नाहीत!

आमचा पुण्यातला निसर्गप्रेमी ग्रुप. लीडर बापट सर, कॉलेजातून रिटायर झालेले. वर्षातून दोनदा मेंबर घेऊन निघतात. कधी कर्नाटकातल्या सदाहरित जंगलात, कधी अंदमानच्या समुद्रात. पुण्याचा माणूस कुठंही जाऊ दे, वरण-भात त्याला घरचाच लागतो. म्हणून मी आणि शकीला बरोबर असतो. ती पोळ्या लाटते, बाकी सगळं मी. मी कात्रजची, शिक्षण चौथी.

रोज संध्याकाळी सगळे गोल करून बसतात. कुणाला कोणता प्राणी, कोणता पक्षी दिसला, ते सर जाड लाल रजिस्टरमध्ये नावासकट लिहितात. ती यादी. माझं भांडण त्या यादीशी आहे.

*

कर्नाटकातला कॅम्प. मेंबर पहाटेच निघाले मोठा धनेश बघायला. गळ्यात तोफेएवढे कॅमेरे. मी मागच्या बाजूला कांदे चिरत होते. डोक्यावर फुस्स फुस्स असा आवाज आला, जसं कुणी सायकलला पंपाने हवा भरतंय. वर बघते तर उंबरावर हा एवढा पक्षी! पिवळी चोच, वर पिवळं शिंग. अर्धा तास उंबरं खात बसला.

संध्याकाळी मी सांगितलं. सर म्हणाले, "सुमनताई, फोटो आहे?"

"विळीवर बसले होते सर. विळीने फोटो निघत नाही."

"मग दुसऱ्या कुणी पाहिला?"

"तुम्ही सगळे त्यालाच शोधायला गेला होता!"

नाही लिहिला.

*

त्याच दिवशी मेंबरांना धनेश दिसला नाहीच. जळवा मात्र भरपूर मिळाल्या. एकेकाच्या पोटरीवर सात-सात. सगळे किंचाळत स्वयंपाकघरात घुसले आणि माझी मिठाची बरणी पायांवर रिकामी केली.

रात्रीच्या जेवणाला कुलकर्णीकाका, बँकेतून रिटायर झालेले, आमटीचा भुरका मारून म्हणाले, "सुमनताई, आमटी अगदीच अळणी झालीय हो."

"काका, तुमच्या वाट्याचं मीठ तुमच्या पायांनी खाल्लं!"

*

सरांचा नियम, जंगलात भडक कपडे नकोत. माझी लाल साडी बघून एक बाई म्हणाल्या, "अहो, अशाने पक्षी घाबरतात."

मी म्हटलं, "धनेशाची चोच बघितलीत का? ती कुठं मातकट आहे?"

त्यांनी बघितली नव्हती. मी बघितली होती!

*

अंदमानला ओहोटीच्या वेळी सर सगळ्यांना गुडघाभर पाण्यात घेऊन गेले, प्रवाळ दाखवायला. मी किनाऱ्यावर चहाची किटली घेऊन उभी. कुलकर्णीकाका फोटोसाठी एका प्रवाळावर चढायला लागले.

मी ओरडले, "काका, पाय काढा! जिवंत आहे ते!"

"तुम्हाला काय माहीत?"

"सर रोज जेवताना सांगतात. तेव्हा तुम्ही जेवत असता, मी वाढत असते."

*

बोटीत मात्र स्वयंपाकाच्या बायकांना जागा नसायची. तीनदा अंदमानला गेले, तीनदा समुद्र वरूनच बघितला. चौथ्या वेळी एका मेंबराला उलट्या सुरू झाल्या आणि एक जागा रिकामी झाली. मी कुणाला न विचारता जाऊन बसले! अंगात शकीलाचा पंजाबी ड्रेस. तीच म्हणाली होती, "जा गं, आज आमटीपण मी करते."

सर म्हणाले, "सुमनताई, पोहता येतं का?"

"कात्रजच्या विहिरीत शिकलेय, सातव्या वर्षी. तुम्ही तेवढं जाकीट घट्ट बांधा."

सगळे मेंबर रंगीत माशांच्या मागे प्रवाळाकडे गेले. नुसती धपाधप. मी समुद्रातल्या गवताच्या बाजूला गेले. तिकडं कुणी नव्हतं. चष्मा लावला, तोंडात नळी धरली आणि पालथी पडून राहिले. खाली माती उडत होती. मातीतून एक थोराड, करडं जनावर वर आलं. तोंड गाईसारखं, गवत चघळतंय. माझ्यापासून हातभर अंतरावर नाक वर काढलं, श्वास घेतला, परत खाली गेलं. मी हललेसुद्धा नाही.

बोटवाला ओरडला, "दीदी! समुंदर की गाय!"

मेंबर पोहत येईपर्यंत तिथं नुसतं गढूळ पाणी. त्या समुद्रगाईसाठी बापट सर दहा वर्षं अंदमानला येत होते!

संध्याकाळी गोल बसला. आज पहिल्यांदा मलाही खुर्ची. सरांनी रजिस्टर उघडलं. "फोटो नाही, पण बोटवाल्याने पाहिलंय. सांगा सुमनताई, केवढी होती? कातडी कशी होती?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओढणीला हात पुसले.

"सर, आधी तीन वर्षं मागं जा. तिथं माझा धनेश लिहा. मग गाय सांगते."

"अहो, तो आता कसा लिहू? आणि तो दिवस कुठला, हे तरी कुणाला आठवतंय?"

"आमटी अळणी झाली होती, तो दिवस."

सर पेन धरून तसेच बसले. मग कुलकर्णीकाका खुर्चीतून उठले.

"सर, ती आमटी मी खाल्लीय. लिहा!"