गाठींच्या आडोशाला

शहाद्याजवळच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी बांधणारा प्रेस आहे. पूर्वी त्याची बटणं वायरीच्या टोकाला होती. वायर पोचेल तिथूनच तो चालायचा. शेठजींनी हातात धरायचं बिनवायरचं पॅनेल घेतलं आणि ते कुठे उभं राहून चालवायचं, ती जागा ठरवायचं काम मला दिलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि एकटीनं केलेलं हे पहिलंच काम.

दसऱ्याआधी हॉल रिकामा होता. मी टेपनं मोजून जमिनीवर पिवळा चौकोन रंगवून घेतला. पॅनेल त्याबाहेर गेलं की प्रेस बंद पडणार, अशी सोय होती. प्रेसच्या मागे दोन बाया वाकून गाठीला तारा बांधतात. त्यांचे हात आत असताना बटण दाबलं गेलं तर संपलंच. म्हणून चौकोनातून ती बाजू दिसते ना, हे मी तीनतीनदा पाहिलं. शेठजींना सांगितलं, सगळं बरोबर आहे, उद्या नकाशावर सही करते.

दुसऱ्या दिवशी प्रेस चालवणारे आबा आले. चौकोनात उभे राहिले. मग एक ताडपत्री मागवून त्यांनी ती समोरच्या दोन खांबांना डोक्याच्या वरपासून जमिनीपर्यंत पडद्यासारखी बांधली.

"आबा, हे काय?"

"ह्या गाठी शेतस, बेटा. हंगाममा आठेच रचतस, ट्रक येस तोवर. आते सांग, तुले बाया दिखतस का?" ताडपत्री म्हणजे हंगामात इथेच रचलेल्या गाठींची थप्पी होती, आणि तिच्यापलीकडच्या बाया मला दिसत नव्हत्या.

ताडपत्रीमागून एका बाईचा आवाज आला, "ए आबा, बटण नको दाबजो! मॅडमना नकाशामा आम्ही हारपी गयात!"

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. माझी आई अशाच जिनिंगमध्ये रोजानं जायची. त्या मजुरीवर मी शिकले. तरी हंगामात गाठी कुठे रचतात, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी शेठजींकडे गेले. "चौकोन लहान करून प्रेसला लागून असलेल्या उंच ओट्यावर घ्यावा लागेल. गाठीही पलीकडच्या भिंतीला लावाव्या लागतील."

"दारापासून एवढ्या लांब? हमाल ओरडतील."

"तरी. नाहीतर मला सही करता येणार नाही."

"काल तर तुम्हीच बरोबर आहे म्हणालात."

"काल मी चुकले होते."

शेठजींनी हमालांच्या मुकादमाला हाक मारून गाठींची नवी जागा सांगितली.

जुना रंग खरवडण्यात दोन दिवस गेले. ओट्यावरच्या नव्या चौकोनात थांबून आबांनी बायांना प्रेसच्या मागे उभं केलं, वाकवलं, बसवलं. "आखो वाक, माय," म्हणत त्यांना आणखी वाकवून दोघींचे हात दिसतात का ते पाहिलं. मग त्यांना बाजूला करून प्रेस चालू केला आणि पॅनेल घेऊन एक पायरी खाली उतरले. प्रेस जागच्या जागी थांबला.

"आते कर सही," आबा म्हणाले.

मी आधी नकाशावर पलीकडच्या भिंतीपाशी गाठींची जागा आखली, आणि मग सही केली.