खाणीतला मासा

कोंबड्याच्या पिसांची, गळाला बांधलेली ती नकली माशी कपाटात सापडली आणि तो उन्हाळा आठवला. अर्धांगवायूतून उठलेल्या वडिलांना उजव्या हातानं एक तरी मासा धरायचाच होता. कागलच्या पुढं ओढे कोरडे, तळी भेगाळलेली. तापलेल्या स्कूटरवर आम्ही दुपारपर्यंत हिंडलो. शेळ्या राखणारी बाई हसली, "पावणं, प्यायला पाणी न्हाय, मासं कुठलं?" "असंल की कुठंतरी," म्हणत वडिलांनी मला गाडी काढायला लावली. शेवटी दगडाच्या जुन्या खाणीत हिरवं पाणी दिसलं. त्या अधू उजव्या हातानं त्यांनी कितीदा तरी गळ फेकला. अचानक काठी वाकली. मी धरायला धावले तर ते ओरडले, "लांब हो!" वीतभर मासा बाहेर आला. तो त्यांनी परत पाण्यात सोडला आणि त्याच हातानं माझे डोळे पुसले. आता उन्हाळ्यात मी एकटीच गळ घेऊन पाणी शोधत फिरते.