पाती लावण्याआधी

ड्रोनला पाती लावण्याआधी आमचे पायलट शिंदेदादा तो दोन्ही हातांत धरून हळूच कलता करतात. खाली गेलेल्या बाजूच्या मोटरींचा आवाज चढायला हवा, म्हणजे ड्रोन स्वतःला सावरतोय. तोल सांगणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याचं मोजमाप ड्रोनला कळवणारा कोड, मी लिहिलाय. त्यात अधिकाचं उणे झालं, तर पाती लावलेला ड्रोन सावरायचं सोडून दादांच्याच अंगावर जाईल. सगळे ड्रोनकडे बघतात, मी त्यांच्या उघड्या बोटांकडे बघते.

आज डावी-उजवी बाजू बरोबर निघाली.

"लावू पाती?"

मी मान हलवली.

"तोंडाने सांग गं बाई. उडवताना मला तुझी मान दिसणारे का?"

सगळे हसले. कोडमधली चूकही अशीच अबोल असते, विचारल्याशिवाय काही सांगत नाही. आणि आपण विचारत नाही, कारण उत्तराची भीती आपल्यालाच जास्त असते.

"दादा, पुढे वाकवून बघायचं राहिलंय."

त्यांनी ड्रोनचं नाक खाली केलं. पुढच्या नाही, मागच्या मोटरी गरजल्या.

दादांनी ड्रोन अलगद टेबलावर ठेवला आणि पाती परत खिशात टाकली.