साडूंचा विलायती चमचा

मासे धरणं ही साधना आहे आणि आमच्या भागात ती साधलेला पुरुष एकच झाला: माझे साडू. हे मत त्यांचंच होतं. पण सासुरवाडीत ते सर्वमान्य असल्यामुळं मलाही मान डोलवावी लागे. निजामाच्या राज्यात ते कळंबच्या तहसिलीत खटले साहेबापुढं मांडणारे पेशकार होते, मी येडशीला मास्तर. नात्यानं थोरला जावई मी. तरी सासूबाई मरळ माशाचं डोकं त्यांच्या ताटात वाढत आणि मला विचारत, "थोरले जावईबापू, तुमाला शेपटाकडचं चालंल न्हवं?" बारा वर्षं मला ते चालत आलं.

सासुरवाडीचं तळं उथळ, कंबरभर पाण्याचं, आणि तळाला शेवाळाचं रान. बाकीचे लोक काठावर बसून गळाला बेडकी लावीत. साडू मात्र शेरवानीची सगळी बटणं लावून गुळाच्या काहिलीत बसत. एरवी उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई पाण्यात होडीसारखी तरंगे आणि गरगर फिरे. एका हातानं ते बांबू रेटत, दुसऱ्या हातानं पान तोंडात सारत, आणि मागं सोडलेली दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. दोरीच्या टोकाला दांडा कापलेला पितळी चमचा आणि त्याला गळ. काहील जोरात रेटली तर चमचा पाण्यावर येतो, सावकाश रेटली तर शेवाळात रुततो. शेवाळाच्या वीतभर वरून तो लुकलुकत न्यायची मधली चाल फक्त साडूंच्या अंगठ्याला ठाऊक होती. दोरी ताठ झाली की ते कचेरीतल्या आवाजात, बापाच्या नावासकट पुकारा करीत, "मरळ वल्द मरळ, हाजिर है?" आणि ती हाजिर असे.

"बघू द्या की जरा चमचा," मी एकदा म्हणालो.

"न्हाय साडूभाऊ. हैदराबादचा विलायती माल हाय. परका हात लागला की बिघडतो."

चमचा रेशमी रुमालात गेला. मी घरी जाऊन आमचा चमचा कापायला काढणार होतो. लग्नात सासऱ्यांनी दोघाही जावयांना ताट, वाटी, चमचा दिला होता, कासाराकडून ठिपक्याठिपक्यांनी नावं घालून. पण आमचा चमचा पोराच्या बारशाच्या पंगतीतच हरवला होता. "येक चमचा सांभाळता येत न्हाय," बायको म्हणाली, "आन् मरळ धरायला निघालेत!"

पुढं निजामी गेली, पेशकारी गेली, आणि एका थंडीत हिवतापानं साडूही गेले. सुतक फिटल्यावर सासुरवाडीत मेहुणीनं तो रुमाल माझ्या हाती दिला. "दाजी, तुमालाच द्या म्हणले व्हते."

दुसऱ्याच दिवशी मी काहिलीत बसलो. अंगठ्याला दोरी बांधली. पुकाराही केला, आवाज जरा चिरकला. दर फेरीला चमचा शेवाळ घेऊन वर येत होता. तो खरवडून पुसताना आतल्या बाजूला बोटांना ठिपके लागले. माझं नाव, वडिलांच्या नावासकट. बारा वर्षं त्या तळ्यातल्या मरळी माझ्या नावावर मेल्या होत्या. भांडावं म्हटलं, तर समोर साडू नव्हते. मी तसाच बराच वेळ गरगर फिरत राहिलो.

संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढलं. पिठलं होतं.