लोपुच्या हातचे दगड

पोर्तुगालातल्या एका मठाच्या प्रार्थनाघराचं दगडी दार कोरण्यात पाथरवट लोपु एआनिशची अठरा वर्षं गेली. दगडातले दोर, पानं, कणसं. छताच्या कमानींचे दगडही त्यानंच घडवून भिंतीलगत रचून ठेवले होते. चढवायचे तेवढे राहिले, आणि राजाचं मन लिस्बनच्या नव्या मठावर गेलं. सगळे पाथरवट तिकडे निघाले.

"वस्ताद, चला की," बाश्तियांव म्हणाला. लोपुच्याच हाताखाली तो छिन्नी धरायला शिकला होता.

"छत घातल्याशिवाय मी हलायचा नाही."

"मग बसा इथंच, कावळे हाकत."

लोपु बसला. हिवाळ्यातल्या पावसानं नक्षी झिजू नये म्हणून तो दरवर्षी आधीच तिच्यावर पेंढा बांधायचा आणि वसंतात सोडायचा. मठातल्या साधूंनी त्या बिनछताच्या प्रार्थनाघरात गवताच्या गंज्या रचल्या. दगडाच्या भुकटीनं त्याची छाती भरली होती. चार पायऱ्या चढला की धाप लागे. बायको गियोमार म्हणायची, "अहो, त्या भिंतींशी लग्न लावायचं होतं, मला कशाला आणलंत?"

पाथरवट गेल्याच्या अकराव्या वर्षी बाश्तियांव आला, चांगला मुकादम होऊन, सोबत बैलगाड्या घेऊन. लोपुला वाटलं, छताचाच हुकूम आला. तो धापा टाकत सामोरा गेला.

"छत नाही, वस्ताद. हे कमानींचे दगड न्यायचेत. तिकडे एका देवळाला बरोबर बसतील." बाश्तियांवनं नजर चुकवली. "कुठला कुठं बसतो, ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. खुणा करून द्या."

लोपुनं छिन्नी मागितली. तीन दिवस बसून एकेका दगडावर त्यानं खूण केली.

गाड्या गेल्यावर गियोमार कडाडली, "उलट्या खुणा करायच्या होत्यात. कोसळलं असतं त्यांच्या डोक्यावर."

"दगडांनी माझं काय वाकडं केलं होतं?"

त्यानंतर तो त्या आवारात फिरकला नाही. गावाला डुकरांना चारायच्या दगडी डोणी अन् उखळं घडवून देऊ लागला. पावसानं दारावरची पानं झिजत गेली. पेंढा बांधायला कुणी नव्हतं.

दोन वर्षांनी एका गाडीवानाकडून निरोप आला: तिकडच्या देवळाचं छत उभं राहिलं, एकही दगड तासावा लागला नाही, आणि बाश्तियांवचं फार नाव झालंय. लोपुनं ऐकलं, हातातलं उखळ पालथं करून बूड तपासलं. गियोमारनं गाडीवानाला पाणीसुद्धा विचारलं नाही.