रिंक कुणी जाळलं?

हेल्मी कोस्कीला राग यायला फारसं निमित्त लागत नसे. बर्फ ढकलणाऱ्या गाडीने दारात ढीग लोटला की ती गाऊनवरच बाहेर येऊन चालकाचा उद्धार करायची. कॅनडातल्या थंडर बेमधल्या एका इस्पितळाच्या भटारखान्यात तिने एकोणतीस वर्षं काढली. शेगडी चालू ठेवून कुणी दोन पावलं जरी बाजूला सरकलं, तरी तिचा आवाज वरच्या मजल्यावरच्या रोग्यांना ऐकू जायचा. नव्या मुली पाठीमागे तिला ‘किटली’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचाही तिला राग यायचा.

ती मूळची लिंडर लेकची. हे खाणीचं गाव शहाऐंशी साली बंद पडलं. खाण मिटली, कंपनीने घरंसुद्धा उचलून नेली आणि माणसं चार दिशांना पांगली. पुढे कधीतरी लॉर्न मॅकआयव्हरने, म्हणजे खाणीच्या फाटकावर हजेरी घेणाऱ्या गृहस्थाने, इंटरनेटवर ‘लिंडर लेकची मंडळी’ असा गट काढला आणि ही पांगलेली माणसं पुन्हा एकमेकांना चिडवायला लागली. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन वाजता, गटावर प्रश्नमंजूषा व्हायची. वीस प्रश्न, प्रत्येकाला वीस सेकंद, उत्तर टाइप करायचं, खरं-खोटं यंत्र ठरवणार. जिंकणाऱ्याला गावाच्या पाण्याच्या टाकीचं चित्र असलेला कॉफीचा मग. शोधून उत्तर द्यायचं नाही असा नियम होता, पण शोधणार कुठे? त्या गावाचं इंटरनेटवर जे काही होतं ते एवढंच.

पोस्टमास्तरच्या कुत्र्याचं नाव काय, चर्चची घंटा कुठल्या लग्नात तुटली, असले ते प्रश्न. हेल्मी चार वेळा जिंकली होती.

नववा प्रश्न मात्र दरवर्षी तोच असायचा. ‘कर्लिंगचं रिंक कुणी जाळलं?’ रिंक म्हणजे कर्लिंगच्या, बर्फावर दगड घसरवायच्या खेळाची गावातली बंदिस्त जागा. कुणाचीच पाटी कोरी राहू नये म्हणून लॉर्नने ठेवलेला हा फुकटचा गुण. सगळेजण एकदम लिहायचे: रेइनो! आणि पडद्यावर हसऱ्या तोंडांचा पाऊस पडायचा. रेइनो म्हणजे हेल्मीचा थोरला भाऊ. तोही खेळायचा. सगळ्यांच्या आधी तोच लिहायचा, ‘मीच तो!’ आणि गुण घ्यायचा.

खरं म्हणजे रिंक हेल्मीने जाळलं होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत सामने होते. एकोणीस वर्षांची हेल्मी रिंकच्या स्वयंपाकघरात डोनट तळत होती. कढई विस्तवावर ठेवून ती बाहेर गेली, एका मुलाशी बोलायला. पाच मिनिटांची वीस झाली. माणसं वाचली, पण लाकडी इमारत तासाभरात बसली. गावाला हिवाळ्यात करमणुकीची तेवढी एकच जागा होती. कंपनीचा साहेब विचारत आला तेव्हा रेइनो पुढे झाला. म्हणाला, माझी सिगरेट राहिली. खाणीत त्याच्याइतका चांगला ड्रिल चालवणारा दुसरा नव्हता, त्याला काढणार नाहीत हे त्याला माहीत होतं. कंपनीच्या खानावळीत काम करणाऱ्या बहिणीला मात्र दुसऱ्या दिवशी घालवली असती. त्याला काढलं नाही. फक्त त्याचं नाव काडेपेटी पडलं. गावाच्या आग विझवणाऱ्या पथकात जायची त्याची फार इच्छा होती. त्याने दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा लोक पोट धरून हसले.

हेल्मी त्याला म्हणायची, मी सांगते सगळ्यांना. तो म्हणायचा, “आता कशाला? चाललंय ना बरं!” आणि ती गप्प बसायची. दर नोव्हेंबरला नवव्या प्रश्नाला तीसुद्धा ‘रेइनो’ असंच लिहायची आणि गुण घ्यायची. एका वर्षी तर तो टाकीचा मग तिला त्या एका गुणानेच मिळाला होता.

या मार्चमध्ये रेइनो गेला. त्याच्या अंत्यविधीला कुणीतरी शवपेटीवर काडेपेटी ठेवली. लोक रडता रडता हसले. हेल्मीने ती उचलून सगळ्यांसमोर कचऱ्यात फेकली. लोकांवर चिडावं तर लोकांना काय माहीत, आणि स्वतःवर चिडायची तिला सवय नव्हती.

नोव्हेंबर जवळ आला तसा तिने लॉर्नला फोन लावला.

“नववा प्रश्न काढून टाक.”

“अगं, काय बोलतेस? या वर्षी तर खास ठेवलाय! रेइनोच्या आठवणीसाठी. दोन गुण!”

“लॉर्न, माणूस मेलाय.”

“म्हणूनच तर! तो स्वतः किती हसायचा त्या प्रश्नाला. तू आपली उगाच तापतेस. लहानपणापासून तशीच आहेस.”

“मी सांगते तेवढं ऐक ना!”

“बरं, कारण सांग.”

तिने फोन आपटला. सेहेचाळीस वर्षं जे जिभेवर आलं नाही ते फोनवर लॉर्नच्या कानात कसं येणार?

रविवारी दोन वाजता ती कॉफी घेऊन संगणकासमोर बसली. सदतीस जण होते. रेइनोची मुलगी सिल्वी सडबरीहून खेळत होती. तिने आल्या आल्या ‘आत्या, आज टाकीचा मग माझा हं!’ असं लिहून ठेवलं होतं. आठव्या प्रश्नापर्यंत हेल्मी सगळ्यांच्या पुढे होती. मग पडद्यावर काडेपेटीचं चित्र आलं, त्याला फुलांचा हार घातलेला. ‘दोन गुणांचा प्रश्न! कर्लिंगचं रिंक कुणी जाळलं?’

हेल्मीने लिहिलं: हेल्मी कोस्की.

यंत्राने तिच्या नावापुढे लाल फुली मारली. चूक. बरोबर उत्तर: रेइनो कोस्की.

हसरी तोंडं धो धो आली. ‘हेल्मी, भावाची बाजू घेतलीस होय!’ ‘सोपे गुण घालवलेस, बाई!’ सिल्वीनेही हसून लिहिलं, ‘आत्या, बाबा वरून रागावतील, त्यांचा मान पळवतेस!’

ती लाल फुली बघून हेल्मीचं डोकं सणकलं. आयुष्यात एकदा खरं बोलली, तर चूक! आणि इतकी वर्षं खोटं लिहिलं तेव्हा प्रत्येक वेळी हिरवी खूण!

दहावा प्रश्न आला. ‘शाळेची पहिली मुख्याध्यापिका कोण?’ हेल्मीने लिहिलं: रिंक मी जाळलं. फुली. अकरावा. ‘तळ्यावर विमान कुठल्या वर्षी उतरलं?’ रिंक मी जाळलं. फुली. बारावा. फुली. लॉर्नने लिहिलं, ‘हेल्मीबाई, कॉफीत काही घातलंय का आज?’ पुन्हा हशा. ती दात-ओठ खात टाइप करत होती, बटणं खाडखाड वाजत होती. तेरावा: डोनटची कढई मी विस्तवावर ठेवून गेले, रेइनो तिथे नव्हताच. चौदावा: रेइनोने कधीच काही जाळलं नाही. पहिल्या क्रमांकावरून ती एकोणिसाव्यावर आली.

हसरी तोंडं कमी होत गेली. चौदाव्याला दोनच आली. पंधरावा प्रश्न आलाच नाही. लॉर्नने खेळ थांबवला होता. पडद्यावर सदतीस नावं नुसती दिसत होती.

मग सिल्वीचं आलं.

“आत्या?”

“हो. खरंय. मी जाळलं.”

“माझ्या दप्तरात पोरं काड्या टाकायची. आठवीपर्यंत. मी घरी येऊन बाबांवर ओरडायचे, तुमच्यामुळे, तुमच्यामुळे. तू असायचीस आमच्याकडे. पॅनकेक उलटत उभी असायचीस.”

हेल्मीला सगळं आठवत होतं.

“बाबांना जाऊन आठ महिने झाले,” सिल्वीने लिहिलं. “मी त्यांची माफीसुद्धा मागू शकत नाही आता. ते जायची वाट बघत होतीस का?”

हेल्मी टाइप करायला लागली. तोच म्हणायचा आता कशाला, त्यालाच नको होतं, मी कितीदा तरी त्याला म्हणाले. खोटं त्यात काहीच नव्हतं. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं. मग एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसलं.

“हो,” तिने लिहिलं, आणि पाठवलं.