कळंब्याच्या गल्लीतले शिळे पाणी

आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसावे, हे धाडसच. वाचकांनी क्षमा करावी. माणसांशी बोलण्याचा मला मूळचाच संकोच, म्हणून तर आकड्यांशी सख्य जुळले. परंतु उतारवयात पाण्यावर प्रबंध लिहायचे मनात आले आणि मार्गदर्शिका लाभली ती माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने अट घातली, "सर, मोजायचंही आणि विचारायचंही."

कळंब्याजवळच्या एका गल्लीत घरोघरच्या संमतीने नळांना मीटर बसवले. मोजणे सोपे गेले. विचारताना मात्र मी प्रत्येक उंबरठ्यावर नुसता घसा खाकरत उभा राही. बायकांचे उत्तर एकच, "पाणी पुरत न्हाय." मीटरच्या हिशेबाने तर ते पुरून उरायला हवे होते.

"जुळत नसेल तर मुलाखती गाळाव्या लागतील," मार्गदर्शिका म्हणाली. त्या बायकांना माझ्या प्रबंधाने खोटे पाडावे, हे मला सोसवेना. म्हणून एके सकाळी, पाणी यायच्या वेळी, पुन्हा गल्लीत गेलो.

कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू भरलेली घागर मोरीत उपडी करत होत्या.

"अहो, चांगलं पाणी आहे ते!" मी चक्क ओरडलो.

"कालचं हाय की. शिळं."

"पाणी शिळं होतं?"

"व्हय तर! पावणं, तुमच्यात आल्यागेल्याला कालचं पाणी पाजत्यात व्हय?"

शेजारणी खदखदून हसल्या.

"मग धुण्याला तरी ठेवायचं."

"ठेवायचं कशात? नळ जायच्या आत भांडी मोकळी करायला नगोत? बसा, ताजं घ्या. न्हाईतर लिवशीला, गल्लीत पाणी बी विचारलं न्हाई म्हणून!"

मी बसलो. पिण्याची भांडी ओतून, घासून, पुन्हा भरेपर्यंत नळ गेला. धुण्याचे पिंप अर्धेच राहिले. मीटर खरा होता आणि काकूही खऱ्या होत्या. मी फक्त येणारे पाणी मोजले होते; जाणारे दिसायला मोरीपाशी बसावे लागले.

"मुलाखती प्रबंधात राहू देत, सर," सारे ऐकून मार्गदर्शिका हसत म्हणाली. "उलट, आणखी घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सारे घरी रंगवून सांगत होतो. सौभाग्यवती ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता आमचा पिण्याचा हंडा मोरीत रिकामा करत होत्या. तो आवाज मी लग्नापासून रोज ऐकत आलो आहे.

तुमच्या घरी कालच्या पाण्याचे काय करतात?